देवीला नवरा कोण? देवी, बायका आणि अभ्यासकांची मापं

गोदातीर (धागाकर्ती), सोमवार, रात्री ९.४०

गौरी-गणपतीला माहेरी गेले होते. मुखवटे घेऊन आई उंबऱ्यात थांबली. आतल्या बायकांनी विचारलं, "गौरी कशाच्या पावलांनी आली?" आणि आईनं "सोन्यारुप्याच्या पावलांनी" म्हणत पाऊल आत टाकलं. त्या वेळी माझी मोठी काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काका दोन वर्षांपूर्वी गेले. आदल्या रात्री दोन्ही गौरींना नऊवारी तिनंच नेसवली होती, कारण तिच्यासारख्या निऱ्या घरात कुणालाच जमत नाहीत. पदराला टाचणी लावून झाल्यावर धाकटीच्या नथीचा आकडा तिनं दोनदा सारखा केला. सकाळी हळदीकुंकू वाहायला मात्र ती पुढे आली नाही. कुणी बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथे मांडते. एमएला धर्माच्या अभ्यासात मी देवी हा विषय घेतला होता. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या विषयावर जगभर भरपूर लिहिलं गेलं. सुरुवातीच्या काळातली एक मांडणी फार गाजली. लॉरेन्स बॅब यांनी छत्तीसगडातल्या कामावरून ती १९७० मध्ये केली. नवऱ्याशेजारी बसलेली देवी शांत आणि वर देणारी. एकटी देवी तापट, रोगराई आणणारी, बळी मागणारी. लग्न ही जणू तिच्या शक्तीला घातलेली वेसण. पुढची वीसेक वर्षं हीच विभागणी वेगवेगळ्या नावांनी पुस्तकांतून फिरत राहिली.

वाचताना पटते. पण आपल्याकडच्या देव्यांना हे माप लावून बघा. माहूरची रेणुका लग्नाची, मुलाबाळांची. तिचं डोकं उडवलं गेलं ते नवऱ्याच्या शब्दावरून आणि पोटच्या मुलाच्या हातून. गाभाऱ्यात आहे तो फक्त मुखाचा तांदळा, म्हणजे धड नसलेला पाषाण. इथे लग्नानं कोण शांत झालं? पंढरपूरला रखुमाई विठोबाची बायको, पण रुसून दिंडीरवनात गेलेली. आजही तिचं देऊळ वेगळं. तुळजाभवानी महिषासुराला मारणारी, शस्त्रं घेतलेली. त्या मापानं ती उग्र, एकटी देवी ठरायला हवी. आपण तिला आई म्हणतो, लग्न झालं की तिचा गोंधळ घालतो, आणि वर्षातून ठरल्या वेळी तिला पलंगावर निजवतो. साती आसरा, पाण्याकाठच्या देव्या, तर सगळ्या बहिणी-बहिणी, नवऱ्याचा पत्ताच नाही. त्या बाधतात म्हणून बायका घाबरतात, आणि मूल व्हावं म्हणून त्यांनाच नवस बोलतात.

माझं म्हणणं असं की देवीचा नवरा कोण यावर अभ्यासकांनी जेवढी शाई खर्च केली तेवढी चिंता तिच्याकडे जाणाऱ्या बाईला नसते. ती खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या घेऊन जाते, ओटी भरते आणि त्याच गोष्टी स्वतःसाठी मागते. सौभाग्याची ही देवघेव फार जुनी आहे. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला लज्जागौरीची एक मूर्ती सापडली. मस्तक नसलेली, पाय फाकून बसलेली, जन्म देण्याच्या अवस्थेतली. खाली इक्ष्वाकू घराण्यातल्या खंडुवुला राणीचा लेख आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची ही राणी स्वतःची ओळख करून देताना अविधवा आणि जीवपुत्रा हे शब्द वापरते. नवरा जिवंत, मुलं जिवंत. वाचलं तेव्हा पहिल्यांदा राणीचं कौतुक वाटलं. आता त्या लेखापाशी न पोचलेल्या बायका दिसतात.

दुसरीकडे पोथी बघा. देवीमाहात्म्य म्हणजे आपली सप्तशती, मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय. सगळ्या देवांच्या तेजातून ती घडते, शस्त्रं देवांची घेते, मद्य पिऊन महिषाला मारते. शुंभ या असुराची लग्नाची मागणी येते तेव्हा सांगते, मला युद्धात जिंकेल तोच माझा नवरा. जिंकत कुणीच नाही. अकराव्या अध्यायात देव म्हणतात, जगातल्या सगळ्या स्त्रिया तुझीच रूपं. सगळ्या. त्यात काकू आली की नाही?

तुमच्याकडे ओटी कोण भरतं, कोण भरत नाही, आणि देवीच्या लग्नाबद्दल काय सांगतात, ते लिहा. वाचलेलंही लिहा, बघितलेलंही लिहा.

कृष्णाकाठ, सोमवार, रात्री १०.५५

ताई, धागा वाचून झोप उडाली. आमच्या कोल्हापूर भागात गौरीपाठोपाठ शंकरोबा येतो. बायकोला माहेराहून न्यायला आलेला जावई, त्याचीही सरबराई. म्हणजे आमच्या गौरीला नवरा आहे, पण तो मागनं येतो, आणि सण तिचाच.

अंबाबाईचं तर विचारूच नका. ती विष्णूची लक्ष्मी की आदिशक्ती, यावर किती वर्षं वाद चाललाय. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, त्यामुळे बालाजीची रुसलेली बायको म्हणून लोक बोलतात. मूर्ती बघावी तर हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मागे सिंह. सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं हेच ध्यान आहे, आणि तिथं ती कुणाची बायको नाही; सगळे तिच्यापासून झाले. ती कुणाची हे ठरवायची एवढी घाई का, हा तुमच्या धाग्याचाच प्रश्न.

आता मुख्य. आमच्याकडची पुष्कळ घरं सौंदत्तीच्या यल्लम्माची. यल्लम्मा म्हणजे रेणुकाच. जमदग्नीला मारलं तो दिवस म्हणून एका पुनवेला देवी विधवा होते. रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या बायका, बांगड्या फोडतात. मग पुढं अहेव पुनव येते आणि देवी परत सवाष्ण होते, चुडा भरते. लहानपणी आजीसंगं गेलो होतो. दगडाच्या पायरीवर हिरव्या काचांचा खच पडलेला, आणि एक म्हातारी जोगतीण पदरानं त्या काचा बाजूला सारत होती, कुणा पोराच्या पायात जाऊ नयेत म्हणून. आजी म्हणाली, देवीला पण चुकलं नाही.

पण देवीचं कुंकू परत येतं. माणसाच्या बाईचं येत नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. यल्लम्माची पुनव पाळणाऱ्या मुलखातून हा ठराव आला याचा मला अभिमान आहे.

चंद्रभागा_वाळवंट, मंगळवार, सकाळी ७.१०

राग मानू नका, पण मनापासून लिहितो. देवीला शांत-उग्र, विवाहित-अविवाहित अशा खणांत टाकणं मला सहन होत नाही. वारीत चालणारी माझी आई रखुमाईपुढे उभी राहते तेव्हा तिच्या डोळ्यांत जे असतं ते कुठल्या विद्यापीठाच्या तक्त्यात बसणार? परदेशातून कुणी यावं, सहा महिने राहावं आणि आमची आई उग्र आहे की सौम्य ते ठरवावं, याचा त्रास होतो. हे लिहिणाऱ्यांत किती जण तिच्यापुढे कधी डोकं टेकवतात?

गोदातीर, मंगळवार, दुपारी १.३०

दादा, राग कशाला? त्या तक्त्याबद्दल आपलं दोघांचं मत एकच आहे. पण सगळे अभ्यासक सारखे नाहीत, म्हणून दोन उदाहरणं देते.

ॲन फेल्डहाउस अमेरिकन. मराठी शिकल्या, महानुभावांचे जुने ग्रंथ वाचले आणि आपल्या नद्यांच्या काठाकाठानं फिरल्या. १९९५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच महाराष्ट्रातल्या नद्या आणि बाईपण. नदी पाप धुते हे पोथी सांगते. त्यांना काठावरच्या बायकांकडून वेगळं ऐकू आलं. नदी अन्न देते, मूल देते, नवऱ्याला आयुष्य देते. तिलाही साडी लागते, खण लागतो, तीही लेकुरवाळी. तुमच्या आईसारख्या बायकांचं ऐकल्याशिवाय हे लिहिता आलं नसतं.

आणि आपले रा. चिं. ढेरे. रेणुका, यल्लम्मा, लज्जागौरी आणि वारूळ यांचं नातं त्यांनी जसं उलगडलं तसं कुणी केलं नाही. रेणू म्हणजे मातीचा कण, वारूळ म्हणजे भूमीचं गर्भस्थान. मस्तक नसलेली लज्जागौरी आणि मस्तकच उरलेली रेणुका ते शेजारी ठेवून बघतात. वाचल्यावर माहूरचा तांदळा मला पूर्वीपेक्षा जास्त आपला वाटला. श्रद्धेला बाधा आली नाही, उलट हात जोडताना आता पायाखालची मातीही आठवते.

आणि ओव्या. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजारावर गावांतून. त्यातली सीता वाल्मीकीच्या सीतेसारखी बोलत नाही. ती वनवासात बाळंत झालेली, अंथरूण-पांघरूण नसलेली, दुःख सांगायला बाई शोधणारी अशी आहे. पहाटे अंधारात दळताना पुरुष ऐकत नसत, म्हणून तिथे रामालाही जाब विचारता आला. तारा भवाळकर आयुष्यभर हेच सांगत आल्या, की बायकांनी रचलेलं आणि बोललेलं वाचल्याशिवाय देवीबद्दल बोलू नका.

ताम्रपट, मंगळवार, रात्री ८.२०

दोन गोष्टींची भर घालतो, आणि एका बाबतीत सावध करतो.

आधी सावधगिरी. अशा चर्चेत कुणीतरी लगेच म्हणतं, पूर्वी मातृसत्ता होती, देव्या हा त्याचा पुरावा. दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवून, वाटेवरच्या आणि चवाठ्यावरच्या आयांची ठाणी जुन्या व्यापारी मार्गांशी आणि शिकारी-पशुपालकांच्या वावराशी जोडून दाखवली. हे काम मोलाचं आहे. शरद् पाटलांनी निर्ऋती या वैदिक देवीपासून स्त्रीराज्याची मांडणी केली, तीही मुळातून वाचावी अशी. पण देवी पूजली जाते एवढ्यावरून बाईच्या हाती सत्ता होती असं म्हणता येत नाही. काकू दारात उभी राहिली त्याच घरात दोन-दोन देव्या मखरात बसलेल्या होत्या. घरातला हाच विरोधाभास मागच्या काळालाही लावून बघा.

आता भर. बाईचं धर्मातलं स्थान फक्त ग्रंथांवरून काढलं की चित्र एकसुरी होतं, शिलालेख ते मोडतात. नाणेघाटातला नागणिकेचा लेख घ्या. सातवाहन राणी, इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. लेखात यज्ञांची यादी आहे, अश्वमेधासकट, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंचे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे. राणीचं वर्णन महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी असं केलं आहे. वैदिक यज्ञांचा एवढा मोठा जमाखर्च एका राणीच्या नावाशी जोडून घाटाच्या तोंडावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा कोरलेला. कार्ले, कान्हेरी, नाशिकच्या लेण्यांतही उपासिका आणि भिक्षुणींची दानं नावानिशी आहेत.

दुसरं, तमिळ देशातले चोळकालीन लेख. लेस्ली ऑर यांनी ते चाळून देवळातल्या बायकांवर २००० मध्ये पुस्तक लिहिलं. देवाशी लग्न लागलेली नर्तकी हे आपल्या डोक्यातलं चित्र त्या लेखांत जवळजवळ नाहीच. दिसतात त्या दान देणाऱ्या, जमीन-जुमला असलेल्या, गावाच्या आणि देवळाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बायका. देवाचं लग्न हा मुद्दा इथंही नंतर येऊन बसला.

पडवळणी, मंगळवार, रात्री ९.०५

केरसुणीबद्दल कुणी बोललंच नाही! ज्येष्ठा नावाची एक देवी आहे, लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. दक्षिणेत तिच्या जुन्या मूर्ती आहेत. ध्वजावर कावळा, वाहन गाढव, जवळ केरसुणी. ज्युलिया लेस्ली यांनी श्री आणि ज्येष्ठा या दोघी बायकांपुढे ठेवलेले दोन नमुने आहेत असं मांडलंय. लक्ष्मीसारखी वागलीस तर घरात, ज्येष्ठेसारखी वागलीस तर घराबाहेर.

आणि आपण काय करतो? लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणतो. भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायला घालतो त्या गौरीला ज्येष्ठागौरी म्हणतो. नाव नक्षत्रावरून आलंय हे ठाऊक आहे. तरी ज्येष्ठा हा शब्द आपल्या घरात हाकलून द्यायचा नाही, पाटावर बसवायचा आहे, याचं मला फार बरं वाटतं. गोदातीर, तुमची मोठी काकूही त्या घरातली ज्येष्ठाच की.

ताम्रपट, मंगळवार, रात्री ९.३०

ज्युलिया लेस्ली यांचं एका जुन्या ग्रंथावरचं पुस्तक मराठी माणसानं वाचायला हवं. तंजावरच्या मराठी राज्यात अठराव्या शतकात त्र्यंबकयज्वा नावाच्या पंडितानं स्त्रीधर्मपद्धती लिहिली. बाईनं पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत काय करायचं याचा तपशीलवार ग्रंथ. गाभा एकच, नवऱ्याची सेवा हाच तिचा धर्म. मला त्यातून दिसतं ते असं, की इतकं बारीक लिहावं लागलं म्हणजे बायका तसं वागत नव्हत्या.

मुक्ता_सीमाभाग, बुधवार, सकाळी ११.१५

मी देवदासी म्हणून सोडलेल्या बायकांमध्ये अठरा वर्षं काम केलं. कृष्णाकाठ यांचं वर्णन वाचून डोळे भरले, कारण त्या पायऱ्यांवर मीही बसलेय. पण एक गोष्ट जोरात सांगायची आहे.

अभ्यासात एक शब्द आहे, नित्यसुमंगली. देवाशी लग्न लागलेल्या बाईला वैधव्य नाही म्हणून ती कायमची शुभ. सास्किया केर्सनबूम यांनी तमिळ परंपरेबद्दल या नावाचं पुस्तकच लिहिलं. शुभ आणि शुद्ध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फ्रेडरीक मार्गलिन यांनी पुरीच्या देवदासींवरून दाखवलं. बाई गाभाऱ्यासाठी शुद्ध नसेल, पण तिच्या पायगुणानं लग्न शुभ होईल. वाचायला सुंदर आहे आणि खरंही आहे. पण मी ज्यांच्यात बसले त्या दलित घरातल्या. नऊ-दहा वर्षांच्या असताना केसांत जट आली म्हणून गळ्यात मोती बांधून देवीला सोडलं, आणि पुढं गावानं त्यांना कुणाचीच बायको मानलं नाही आणि सगळ्यांचीच मानलं. लग्नात परडी घेऊन जोगवा मागायला बोलावायचं, पंगतीत बाहेर बसवायचं. ते शुभपण त्यांना कधी जमिनीचा तुकडा देऊन गेलं नाही.

मुंबई प्रांतात १९३४ ला कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला, महाराष्ट्रात २००५ ला. कायदा हवाच. पण माझ्या ओळखीच्या एका जोगतिणीनं मला विचारलं होतं, "माळ काढली तर देवी जाईल, राहिली तर पोलीस येईल. माझं कोण राहील?" या प्रश्नाचं उत्तर अभ्यासकांनीही द्यावं आणि आम्ही कार्यकर्त्यांनीही. देवी तिची आहे. ती हिसकावून घेतली की तिच्याकडे काहीच उरत नाही.

चंद्रभागा_वाळवंट, बुधवार, दुपारी ४.००

गोदातीरताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काल लिहिलेलं थोडं मागे घेतो.

आमच्या परंपरेतलं एक सांगतो. सोयराबाई, चोखोबांची कारभारीण, सरळ विचारते, देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म? विटाळावाचून कुठला देह जन्माला आला, असं ती पुढं म्हणते. त्याच्याही आधी चक्रधरांनी बायकांना संन्यास दिला आणि सांगितलं की शरीराच्या नऊ दारांतून मळ जातो तसंच हे, त्याचा विटाळ नाही. आसामात कामाख्येला आषाढात तीन दिवस देऊळ बंद ठेवतात, कारण देवी रजस्वला असते. चौथ्या दिवशी त्या वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी लोक रांगा लावतात. देवीचं रक्त प्रसाद आणि आमच्या बहिणीचं रक्त विटाळ, हे मी आजवर कधी जोडून पाहिलंच नव्हतं. माझी आई पाळीच्या दिवसांत वारीत चालायची, पण पंढरपुरात पोचल्यावर कळसाचं दर्शन घेऊन परत फिरायची. सोयराबाईचा अभंग मात्र तिला पाठ होता.

गोदातीर, बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझी मूळ मांडणी मला अपुरी वाटायला लागली आहे. सौभाग्याची देवघेव म्हणताना मी सवर्ण घरातली ओटीच डोळ्यांपुढे ठेवली होती. जोगतिणीची परडी त्यात नव्हती, आणि ती नसेल तर देवीवरचं लिखाण अर्धंच राहतं.

आज काकूला फोन केला. धाग्याबद्दल सांगितलं नाही, नुसतं विचारलं, काकू, आपल्या गौरीचा नवरा कोण गं? ती हसली. म्हणाली, "अगं ती माहेरवाशीण. माहेरी आलेल्या पोरीला नवऱ्याचं कोण विचारतं? ती जेवायला येते, तिसऱ्या दिवशी जाते. पहिली आपण तिला विचारतो, दमलीस का?"

मग म्हणाली, यंदा थोरलीचा पदर जरा आखूड झाला होता, पुढच्या खेपेला लुगडं मोठ्या पन्ह्याचं आणा. मी विचारलं, पुढच्या वर्षी मुखवटे आत तू आणशील का? बराच वेळ फोनवर नुसता भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तुझ्या आईला विचार आधी."

आईला विचारलं आहे. ती अजून काही बोललेली नाही.